काटा बाराच्या वर

गाडीच्या ॲव्हरेजचा विषय आमच्या घरात निघाला तो दिवाळीच्या फराळावर. माझ्या हातात चकली होती आणि नवऱ्याच्या हातात गाडीचे कागद. जानेवारीत गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा पासिंगला न्यायची, तपासून घ्यायची, मग पुढची पाच वर्षं ती चालवायला मोकळीक मिळते. नवऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "आनखी पाच वर्सं कायले वाढवाची? अकरा देऊन राह्यली लिटरले. अकरा!"

"मंग काय कराचं?"

"इकून टाकू. तू बसनं जात जा. बस तं शाळेसमोरूनच जाते."

मी यवतमाळात राहते आणि बाभुळगावच्या पलीकडे एका खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवते. जायला पस्तीस किलोमीटर, यायला पस्तीस. जाताना घाट उतरायचा, येताना तोच चढायचा. आठ वर्षांपूर्वी या शाळेत बदली झाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि मला सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं. त्याआधी सात वर्षं गाडी नवऱ्याची होती, म्हणजे सातही वर्षं ती अंगणात कव्हर घालून झाकलेली होती. मी ती शिकले, दोनदा फाटकाला घासली आणि मग ती माझी झाली. शाळेत मी मॅडम असते, घरी घरची असते. गाडीत मात्र मी मोठ्यानं बोलते, मोठ्यानं हसते आणि काच खाली करून समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला काय वाटेल ते ऐकवते. ती विकली जाणार या नुसत्या कल्पनेनं माझं डोकं तापलं.

"किती देली तं ठेवाल?" मी चकली ताटात आपटून विचारलं.

नवरा जमीन मोजणीच्या कार्यालयात आहे. जे मोजलं नाही ते अस्तित्वातच नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं शेव तोंडात टाकली, थोडा वेळ चावली आणि म्हणाला, "पंधरा. टाकी फुल टू फुल. अन् लागोपाठ दोन टाक्या, एक नाही चालन. संक्रांतीपर्यंत दाखव, पासिंगले मी सोता घेऊन जातो."

"ठरलं?"

"ठरलं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही पंपावर गेलो. आमच्याकडे टाकी खरोखर भरली की नाही हे पंपाच्या यंत्रावर कोणी सोडत नाही. नळी टक् करून थांबली की गाडी मागून धरायची आणि गदागदा हलवायची, म्हणजे आतली हवा निघते, आणि मग वर आणखी थोडं पेट्रोल बसतं. नवऱ्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि डिक्कीला दोन्ही हात लावून गाडी अशी हलवली की आत बसलेल्या माझ्या बांगड्या वाजल्या. पेट्रोल अगदी तोंडाशी आलं तेव्हा तो थांबला. आठवड्यानं पुन्हा तसंच केलं. किलोमीटरला लिटरनं भागलं. अकरा पॉइंट दोन.

"मी काय म्हनत होतो?" तो म्हणाला, आणि हात पुसायला माझा रुमाल मागितला.

बाभुळगावात, बाजाराकडे वळायच्या आधी, एका चाचांचं गॅरेज आहे. मेंदी लावलेली दाढी, कपाळावर कायम ग्रीसचं बोट. मी त्यांच्यापुढे गाडी उभी केली आणि सगळी हकीकत सांगितली. नवऱ्याच्या बोलण्याची नक्कलही केली. चाचांनी ती मन लावून ऐकली. मग आत जाऊन बिस्किटांचा एक जुना डबा आणला. डब्यात फडक्यात गुंडाळलेलं, तळहाताएवढं एक गोल घड्याळ होतं. त्याला एकच काटा आणि खाली लांब रबरी नळी.

"हे व्हॅक्युम गेज, मॅडम," ते म्हणाले. "डॉक्टर छातीले नळी लावते, तसं."

त्यांनी इंजिनवरची एक बारीक नळी काढली, तिथं गेजची नळी बसवली आणि मला गाडी सुरू करायला सांगितलं. काटा उठला आणि चौदावर जाऊन थांबला. चाचांनी मान हलवली. "अठरा पाहिजे. गाडीचा दम कुठं ना कुठं लीक होऊन राह्यला." मग त्यांनी रबराचा एक तुकडा एका टोकानं कानाला लावला, दुसरं टोक इंजिनभर फिरवत गेले आणि एका जाड नळीपाशी थांबले. ती ब्रेककडे जाणारी नळी होती. खालून चिरली होती आणि बारीक आवाजात हवा ओढत होती. मलाही त्यांनी ते ऐकवलं. आठ वर्षं मी ती गाडी चालवत होते आणि ती इतका वेळ काहीतरी म्हणत होती, हे ऐकून मला जरा अपराधीच वाटलं.

नळी बदलली. मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला आणि मोठ्यानं हाक मारून शेजारच्या वेल्डिंगवाल्यालाही बघायला बोलावलं. आत उंदरानं तुरीचे दाणे साठवले होते. चांगली ओंजळभर तूर, निवडल्यासारखी स्वच्छ. गावातले लोक मला डिक्कीत तूर टाकून देतात, तिच्यातला हा उंदराचा वाटा होता. "मॅडम, गाडी वरन-भातावर चालून राह्यलती तुमची," चाचा म्हणाले, आणि ते दोघं इतके हसले की वेल्डिंगवाल्याला खाली बसावं लागलं. मीही हसले. तूर मात्र मी रुमालात बांधून घेतली, कारण ती नवऱ्याला दाखवायची होती.

पुढची टाकी तेरा आली. मी नाचतच चाचांकडे गेले.

"गाडीचं काम झालं," ते म्हणाले. "बाकी दोन तुमच्या पायात हाय."

"माझ्या पायात?"

"तुमी गाडी गॅरेजात घुसवता ना, मले आवाजावरूनच समजते मॅडम आल्या म्हनून." त्यांनी डबा पुन्हा आणला, गेजची नळी इंजिनातून आत ओढून घेतली आणि ते घड्याळ माझ्या समोर, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला पत्र्याच्या पट्टीनं पक्कं केलं. "इंजन सांस घेते. तुमी ॲक्सिलेटर दाबला का त्याचं तोंड उघडते, हवा घुसते, हवेसंग पेट्रोल बी. काटा खाली. पाय हलका ठेवला का तोंड बारीक, काटा वर. काटा वर तं समजा पेट्रोल वाचून राह्यलं. सीध्या रस्त्यावर बाराच्या वर ठेवजा. घाट चढताना आठ. बस, इतकंच."

इतकंच! मी पस्तीस किलोमीटरमध्ये तो काटा सत्तर वेळा पाडला.

माझ्याबरोबर रोज सिस्टर असायच्या. शाळेच्या गावातल्या उपकेंद्रात त्या नर्स आहेत, राहतात यवतमाळातच, आणि सहा वर्षांपासून माझ्या डावीकडच्या सीटवर बसतात. जिल्ह्यातली कोणतीही बातमी घाट उतरेपर्यंत त्यांच्याकडून मला कळते. गेज पाहून त्यांनी पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि बाराच्या आकड्यावर एक रेघ मारली. "याच्या खाली गेलं का मी ओरडते," त्या म्हणाल्या. मला आधी तो सगळा पोरखेळ वाटला. तिसऱ्या दिवशी वाटेनासा झाला.

कारण काटा खोटं बोलत नव्हता. मी सपाट रस्त्यावर बारा-तेरा धरून छान चालले असायची. मग सिस्टर सहज म्हणायच्या, "तुमच्या मुख्याध्यापकानं म्हने स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस पुन्हा मराठीच्याच तासाले ठेवली." आणि मी काही बोलायच्या आधी काटा पाचवर. रस्ता तोच, गाडी तीच, फक्त माझा पाय खाली गेलेला. "पाहा पाहा, नाव काढल्याबरोबर!" सिस्टर टाळ्या वाजवायच्या. कापसाचा ट्रॅक्टर पुढे आला, दोन्ही बाजूंनी गाठोड्यासारखा फुगलेला, आणि साइड देईना, की काटा चारवर. एकदा नणंदेचा विषय निघाला तेव्हा तो इतका खाली गेला की सिस्टरना गेज बिघडलं असं वाटलं.

मी तापट आहे हे मला ठाऊक होतं, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. पण माझ्या रागाला पेट्रोल लागतं हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं.

मग मी शिकले. मी ठरवलं की पेट्रोल वाचवायचा एकही मार्ग सोडायचा नाही. गिअर लवकर टाकायचा, पुढचा चढ आधीच ओळखायचा, ब्रेक लावायची वेळ येणार असेल तर दोनशे पावलं आधीच पाय उचलायचा. नवऱ्यानं सांगितलं, "उतारावर न्यूट्रल करत जा, फुकट जाते गाडी." हा सल्ला आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक पुरुष प्रत्येक बाईला देतो. मी एकदा करून पाहिलं आणि चाचांना सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. "गिअरमंदी ठेवून पाय उचला अन् काटा पाहजा," ते म्हणाले. पाहिला तर घाट उतरताना काटा तेवीसवर गेला, न्यूट्रलमध्ये जिथं राहायचा त्याच्याही वर. पेट्रोल जवळपास बंद, आणि गाडी इंजिनच्या हातात. संध्याकाळी मी नवऱ्याला याचं सविस्तर व्याख्यान दिलं. त्यानं ते टीव्हीकडे बघत ऐकलं, पण आवाज बंद केला होता, म्हणजे ऐकलं.

टाकी चौदाला आली. एक आकडा राहिला होता, आणि तिथूनच माझं डोकं फिरलं.

आमच्या रस्त्याला प्रत्येक फाट्यावर कोणी ना कोणी उभं असतं. हात केला की थांबायचं, ही रीत आहे. ओळखीपाळखीची गरज नसते. आज तो फाट्यावर उभा आहे, उद्या आपण असू. कोणाची दवाखान्याची घाई, कोणाचा बाजार, कोणाला बँकेत अंगठा द्यायचा. उतरताना लोक काहीतरी डिक्कीत टाकतात. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची डहाळी, एखादा भोपळा. आठ वर्षांत मी भोपळा विकत घेतलेला नाही. पण थांबायचं म्हणजे पुन्हा पहिला गिअर, पुन्हा काटा खाली, आणि भोपळ्याला वजन असतं. मी मनातल्या मनात प्रत्येक हात केलेल्या माणसाचा आकडा वजा करायला लागले. मग मी जाहीर केलं, की मी आता दोनच ठिकाणी थांबणार. लोक काही म्हणाले नाहीत. चालत त्या दोन ठिकाणी येऊन थांबायला लागले.

सिस्टरनाही मी नियम घातला. मुख्याध्यापक, नणंद, ट्रॅक्टर आणि राजकारण हे विषय सपाट रस्त्यावर बंद. घाटात तर बोलणंच बंद. त्या बिचाऱ्या "हवा चांगली हाय आज" म्हणायच्या आणि काट्याकडे पाहायच्या. मी "हो" म्हणायची आणि काट्याकडे पाहायची. चौदा पॉइंट सहा.

डिसेंबर संपता संपता एका सोमवारी सिस्टर रोजच्या नाक्यावर नव्हत्या. फोन केला तर म्हणाल्या, "आज सुट्टी हाय मॅडम, तुमी निंगा." मी निघाले. शाळेच्या फाटकात गाडी लावते तोच मागून बस आली, आणि बसमधून कोण उतरावं, तर सिस्टर. मला पाहून त्यांनी पर्स तोंडापुढे धरली आणि भराभर उपकेंद्राकडे निघाल्या.

मला फार लागलं ते. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग नव्हता, लागलंच होतं. सहा वर्षं जी बाई माझ्या शेजारी बसली, तिला माझ्या गाडीत बसवेनासं झालं. दुसऱ्या दिवशीही त्यांची सुट्टी. तिसऱ्या दिवशी मी फोनच केला नाही. त्यात फाट्यांवरही काहीतरी बिनसलं होतं. मी माझ्या दोन ठिकाणी थांबायला जाई, तर उभे असलेले लोक पाठ फिरवायचे. एका म्हातारीनं मला येताना पाहून केलेला हात पटकन पदराखाली घेतला. मी गाडी हळू केली तर तिनं पुढे जा, पुढे जा अशी खूण केली, गाईला हाकलतात तशी. मला वाटलं, लोकांनी मला वाळीत टाकलं. मी कंजूष बाई ठरले.

गाडी मात्र सुसाट. नुसती मी आणि माझी पर्स. बोलायला कोणी नाही, थांबायला कोणी नाही, काटा बाराच्या वर खिळल्यासारखा. शनिवारी नवऱ्यानं गाडी हलवली, भागाकार केला आणि पुन्हा एकदा केला. पंधरा पॉइंट तीन.

"अवं!" तो म्हणाला. "आनखी एक टाकी अशी आली का जिंकलीस तू."

मी हसले, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तडक उपकेंद्रात गेले. सिस्टर लसीच्या डब्यात बर्फ भरत होत्या. मी दारातूनच विचारलं, "माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा. बसनं काऊन येऊन राह्यल्या तुम्ही?"

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "मॅडम, काटा पडते ना!"

"काय?"

"मी बसली का काटा पडते. माझं वजन काई कमी नाही, अन् तोंड तं थांबतच नाही. तुमी बोलाले बंदी केली, तरी मी उसासा टाकला का तुमी इचारता काय झालं, अन् मंग पडतेच. आता संक्रांत जवळ आली. मीनं म्हटलं, दोन टाक्या जाऊ द्या बाप्पा, मंग बसीन. गाडीच गेली तं मंग बसाचं कुठं?"

"अन् फाट्यावरचे लोक?"

"त्याह्यले मीनंच सांगतलं ना बसमंदी. सगळ्याह्यले माहीत हाय. मॅडमले हात करू नका, संक्रांतीपर्यंत." त्यांनी बर्फाचा चुरा हातावरून झटकला. "ते म्हातारी तं आता तुमच्यासाठी रोज दोन फाटे पायी जाते, दवाखान्यात गोळ्या घ्याले."

मी तिथल्या बाकावर बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि लसीसाठी पोरं घेऊन आलेल्या दोन बाया मी आजारी आहे की काय म्हणून पाहत होत्या. माझी गाडी वाचावी म्हणून अख्ख्या रस्त्यानं माझ्या गाडीत बसणं सोडलं होतं. आणि मी रोज त्यांच्यासमोरून एकटी, काटा सांभाळत, जात होते.

"उद्या नाक्यावर उभ्या राहा," मी म्हटलं.

"टाकीचं काय?"

"उभ्या राहा म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या आणि दार लावायच्या आधीच मी विचारलं, "मुख्याध्यापकाचं काय नवीन?" त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आठवडाभराचं साचलेलं सगळं घाट उतरेपर्यंत ओतलं. म्हातारीच्या फाट्यावर मी थांबले तर ती बसायलाच तयार नाही. "नको व माय, तुया काटा पडन." शेवटी सिस्टरनी खाली उतरून तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. ती सीटच्या अगदी काठावर बसली होती, वजन पडू नये म्हणून. बाभुळगावात चाचांच्या दुकानासमोरून आम्ही पाच जणी, एक पोतं आणि दोन भोपळे अशा गेलो. चाचांनी गाडीचे खाली बसलेले टायर पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. तो आठवडा असाच गेला. इतकं हसणं त्या गाडीत त्याआधी कधी झालं नव्हतं. मी ट्रॅक्टरवाल्यांनाही दोनदा ऐकवलं, आणि एकानं साइडही दिली.

पाय मी सोडून दिला नव्हता. सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला मनातून अजून जिंकायचंच होतं. मला वाटत होतं, होईल कसंतरी, सगळे बसतील आणि पंधराही येईल. घाट चढताना मी जीभ दाताखाली धरून आठवर काटा ठेवायची आणि मागून म्हातारी, "चाल माय, चाल," असं गाडीला म्हणायची.

संक्रांतीच्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आम्ही दोघं पंपावर गेलो. नवऱ्यानं नवा शर्ट घातला होता, तरीही गाडी हलवली. पेट्रोल तोंडाशी येईपर्यंत हलवली, थांबला, पुन्हा हलवली. मोबाइलवर भागाकार केला. मी सीटवरून उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते, पण मोबाइलकडे पाहत नव्हते.

"तेरा पॉइंट नऊ," तो म्हणाला.

मी वाकून मोबाइलवरचा आकडा पाहिला.

"मागची तं पंधराच्या वर होती. मंग यावेळी काय झालं?"

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. म्हातारी, भोपळे, तेरा पॉइंट नऊ म्हणजे अकरापेक्षा किती जास्त, नळी, तूर, घाट, सगळं. जन्मभर मी असंच भांडत आले. आताही तोंड उघडलं आणि एकेक मुद्दा मनात लावायला लागले. आणि काय झालं कोण जाणे, त्यातला एकही बाहेर आला नाही.

"मले हे गाडी पाहिजे," मी म्हटलं.

"अवं, पन पंधरा..."

"पंधरा नाही देत. माणसं बसली का तेरा देते, कधी बारा देईन. मले पाहिजे."

तो मोबाइल खिशात ठेवायचा विसरला. रागानं बोलले असते तर त्याला सवय होती. त्यानं हात वर केले असते, मी आवाज चढवला असता, आणि घरी जाईपर्यंत चाललं असतं. मी ओरडते ते तीन घरं पलीकडे ऐकू जातं. पण मला अमुक एक गोष्ट पाहिजे, कारण मला ती पाहिजे, असं मी त्याला सव्वीस वर्षांत कधी म्हटलं होतं, ते मला आठवेना. त्यालाही आठवत नसावं.

"मंग हे दिवाळीतच काऊन नाही सांगतलं?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी उगाच दोन महिने गाडी हलवून राह्यलो."

पंपावरचा माणूस टाकीचं झाकण हातात धरून आमचं होण्याची वाट पाहत होता. नवऱ्यानं ते त्याच्याकडून घेतलं, फिरवून घट्ट लावलं, आणि गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"चाल," तो म्हणाला. "पासिंगले काय काय लागते ते घरी जाऊन पाहू."